भोंगेमामांची मोजणी

भोंगेमामांचं खरं नाव त्यांच्या लायसनवर आहे आणि लायसन पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली. त्यामुळे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. एकतीस वर्षं बेटावरची लाँच तेच चालवतात आणि सुटताना तीनदा भोंगा वाजवतात, म्हणून ते भोंगेमामा. त्यांची बायको आपोआपच भोंगेमामी झाली. तिला कुणी विचारलं नाही याचा राग तिने अजून सोडलेला नाही.

बेट म्हणजे साठ-सत्तर घरं. धक्क्यापासून वर चढत गेलेली एकच वाट, दोन्ही अंगांना वाळत घातलेली जाळी आणि एक दुकान. दवाखाना, बाजार, कचेऱ्या सगळं पलीकडच्या किनाऱ्यावर, लाँचने सव्वा तास. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. सकाळची लाँच चुकली की दिवस गेला. मग बसा घरी, बोंबील निवडत.

कागदावर लाँच सातला सुटते. पण बेटावर घड्याळाला कोण विचारतो? पहिला भोंगा म्हणजे उठा. दुसरा म्हणजे निघा. मग मामा सुकाणू सोडून बाहेर येतात, वाटेकडे बघतात आणि बसलेल्यांची डोकी मोजतात. उद्या पलीकडे कोण कोण जाणार हे प्रत्येकाने आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवलेलं असतं. तो आकडा जुळला की तिसरा भोंगा आणि दोर सुटला. कधी सातला जुळतो, कधी सव्वासातला. जाळी विणणारी मावशी जाणार असेल तर साडेसातच धरा. दाराला कुलूप लावून ती दहा पावलं येते, कुलूप लागलं का ते बघायला परत जाते आणि मग वाटेत भेटेल त्याला ते सांगत बसते.

ही मोजणी सुरू झाली त्याला कारण आहे आणि ते मामी कुणालाही, न विचारता, सांगते. दोघांचं लग्न पलीकडच्या कचेरीत लागलं. मामा तेव्हा नवीन होते, लाँचही त्यांनीच आणली होती. सह्या झाल्या, वऱ्हाड लाँचमध्ये बसलं, गाणी सुरू झाली, नवऱ्याने ऐटीत भोंगा वाजवला आणि लाँच सोडली. निम्मी वाट कापल्यावर कुणीतरी विचारलं, "नवरी कुठाय?" नवरी धक्क्यावर उभी होती, हातात शिवलेली चप्पल घेऊन. तुटली म्हणून शिवून आणायला गेली होती बिचारी. मामांनी लाँच फिरवली तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. त्या दिवसापासून डोकी मोजल्याशिवाय त्यांनी दोर सोडलेला नाही.

तर अशा माणसाला मागच्या वर्षी कचेरीचं पत्र आलं. लाँच उशिरा सुटते म्हणून तीन तक्रारी झाल्या होत्या. आता पाहणीला साहेब येणार, आणि त्यांच्यासमोर उशीर झाला तर रोजची लाँच बंद. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा मोठी बोट येणार, आणि भोंगेमामा घरी बसणार. पत्र वाचून मामांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यातून दोनदा! म्हणजे पोट दुखायचं ते सोमवारी नाहीतर गुरुवारी.

साहेब आदल्या संध्याकाळच्या लाँचनेच आले. सडपातळ, मितभाषी माणूस, मनगटावर भलंमोठं घड्याळ. दुकानाच्या माडीवर त्यांची झोपायची सोय केली. सकाळी सातच्या लाँचने ते परतणार होते आणि जाता जाता वेळ टिपणार होते.

बेटाने मामांसाठी कंबर कसली. उद्या जाणारे होते तेवीस. दुकानदाराने प्रत्येकाच्या दारात जाऊन बजावलं. मावशीला तर तिच्या सुनेने पहाटे पाचला उठवलं आणि कुलूप स्वतः लावून किल्ली कनवटीला खोचली. सहा वाजता निम्मी लाँच भरली होती. मामी मासळीच्या टोपल्या घेऊन पुढच्या फळीवर बसली. सहा वाजून अठरा मिनिटांनी चक्क मावशी आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामांनी मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं. तेवीसच. एकतीस वर्षांत आकडा इतक्या लवकर कधी जुळला नव्हता. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. आकडा जुळला की काय करायचं हे त्यांच्या हातांना पाठ होतं. तिसरा भोंगा दिला, दोर सोडला आणि सहा वीसला लाँच निघालीसुद्धा.

वीस मिनिटं सगळे खुशीत होते. काळा खडक मागे पडला तशी मामी टोपली सारखी करता करता थबकली. तिने एकेकाचं तोंड पाहिलं, मग उठून सुकाणूपाशी आली.

"अहो, ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली, ते साहेब कुठायत?"

मामांनी भरकन मागे वळून पाहिलं. साहेबांनी दुकानात नाव कशाला सांगायचं, ते काय बेटावरचे थोडेच होते! तेविसांत ते नव्हतेच. मामांनी इंजिन मंद केलं.

"पुन्हा तेच केलंत ना?" मामी म्हणाली.

लाँचमध्ये कुजबुज सुरू झाली. एकाला दवाखान्यात नंबर लावायचा होता, एकीची पलीकडची बस चुकणार होती. कुणीतरी म्हणालं, असेच पुढे चला, साहेबांना उद्या सकाळी नेऊ, आता गेली ती गेली. मामांनी मान हलवली.

"माणूस मागे ठेवून मी जात नाही. लाँच गेली तरी चालेल."

आणि त्यांनी सुकाणू फिरवलं. "आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर आले," मावशी म्हणाली, "आणि तुम्ही मला घरी परत नेताय." पण परत फिरू नका असं तिनेही म्हटलं नाही.

धक्क्यावर साहेब उभे होते, शेजारी दुकानदार कपाळाला हात लावून. साहेबांनी लाँच समुद्राकडून येताना पाहिली, घड्याळ पाहिलं. सात वाजून एक मिनिट.

मामा टोपी काढून धक्क्यावर उतरले. "साहेब, चुकलं माझं. तुम्हाला विसरून गेलो होतो."

"सुटलात किती वाजता?"

"सहा वीसला."

साहेबांनी वही उघडली. "उशिराच्या तीन तक्रारी आहेत तुमच्या नावावर. लवकर सुटल्याची ही पहिलीच." मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "मग परत कशाला आलात? हे आता मला लिहावं लागणार, कळतंय ना?"

"लिहा की," मामा म्हणाले. "पण तुम्हालाही जायचंच होतं ना पलीकडे."

साहेब मामीने सरकून दिलेल्या जागेवर मासळीच्या टोपलीला खेटून बसले. मामा दोर सोडायला वाकले, थांबले, आणि सवयीने परत उभे राहिले. पुढून मागे एकेक डोकं मोजत आले. साहेबांपाशी त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"चोवीस," ते म्हणाले आणि तिसरा भोंगा दिला.

पुढचे दोन महिने मामांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कचेरीचं काहीच कळेना. मामा रोज लाँच धुवायचे, परक्याच्या हातात द्यायची असल्यासारखी. जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मामीने त्या दिवसांत लग्नाची गोष्ट कुणालाही सांगितली नाही, यावरून काय ते समजा.

मग एका संध्याकाळी पलीकडच्या धक्क्यावर कचेरीच्या शिपायाने पोत्यात गुंडाळलेली एक फळी लाँचमध्ये ठेवली. बेटाच्या धक्क्यावर लावायची म्हणाला. मामांनी ती वाटेत उघडली नाही, हिंमतच झाली नाही. बेटावर आल्यावर दुकानदाराने सुतळी कापली. निळ्या रंगाची पाटी होती, कोरी करकरीत. वर लिहिलं होतं : रोजची लाँच. सुटण्याची वेळ सकाळी सात. आणि त्याखाली, त्याच रंगाने, त्याच अक्षरात : माणसं मोजून.

मामा खाली धक्क्यावरच बसले आणि टोपीने डोळे पुसले. मामीने पाटी दोनदा वाचली.

"त्या दिवशी माझी चप्पल तुटली म्हणून," ती जमलेल्यांना म्हणाली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.