खडकावरची सवत

उत्तम खडकावरच्या दीपगृहात नोकरीला होता. वेंगुर्ल्याच्या समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, नुसते काळे कातळ वर आलेले. त्यातल्या एकावर ते इंग्रजांच्या वेळचं जुनं दीपगृह. बायको शेवंती मुलांना घेऊन डोंबिवलीत राहायची. तो रजेवर आला की आठवडाभरात बेचैन व्हायचा. कोपऱ्यात गप्प बसायचा आणि एक दिवस पिशवी उचलायचा.

"एवढी घाई कोणाची गं याला?" शेजारची हेमा एकदा हसत म्हणाली. शेवंतीच्या मनात तेव्हापासून किडा वळवळायला लागला. ती त्याचे शर्ट हुंगायची. रॉकेलशिवाय कसलाच वास नाही.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याच्या जोडीचे बाबुराव काजू द्यायला घरी आले. "उत्तम निघाला पण? रजा तर होती अजून!"

"आणि बदली का होत नाही हो यांची?"

बाबुरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते त्यालाच विचारा, वहिनी."

तिने मुलांना आईकडे सोडलं आणि ठाण्याला खोपटच्या डेपोतून एसटी धरली. वेंगुर्ल्याला दामाजी नावाचा होडीवाला दीपगृहावर सामान पोचवायचा.

"तिथं कोण बाई येते?" तिने त्याला थेट विचारलं.

"पाकोळ्या पक्ष्यांशिवाय कोण येणार, बाय?"

पुरुष पुरुषाला झाकणारच, असं म्हणून ती होडीत बसली. खाडीकाठच्या कोळ्याची लेक ती, लाटांना भिणार थोडीच!

वर पोचल्यावर तिने आधी खोली धुंडाळली. एक खाट, स्टोव्ह, ताटली. फणीत लांब केस आहे का तेही पाहिलं. मग गोल जिना चढली. वर उत्तम दिव्याची काच पुसत मोकळ्या गळ्याने गात होता. लग्नापासून तिने त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

तिला बघून त्याच्या हातातलं फडकं गळलं.

"बदली का होत नाही तुमची?"

"दोनदा आलेली. मीच नको म्हटलं. तिकडे शहरात जीव गुदमरतो गं माझा."

"बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या," शेवंती रडत म्हणाली. "या दगडाचं काय उपटू? आणि पोरांनी बाप कुठून आणायचा?"

पुढच्या जूनआधी तो मुंबईच्या ऑफिसात बदली घेऊन आला. तक्रार केली नाही, पण त्याला यायला जरा उशीर झाला की शेवंती दारात उभी. गेला की काय परत? अशी पाच वर्षं गेली.

मग एका संध्याकाळी तो चपला काढता काढता म्हणाला, "साहेबांनी पुन्हा खडकावर जाशील का विचारलंय."

"मग?"

"म्हटलं, घरी विचारून सांगतो."

मागे दोनदा बदली नाकारताना त्याने घरी विचारलं नव्हतं. मुलं आता मोठी झालेली. तिने पदराने हात पुसले.

"जा," ती म्हणाली. "पण पाऊस लागायच्या आत घरी या."

आणि तो आला.