वर बांधलेला सेन्सर

सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर मी मॅनेजर होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या मला मालकांनी, म्हणजे अण्णांनी, खुर्ची दिली. तो उपकार मी आजही नाकारत नाही.

टाकीतलं डिझेल जमिनीखालच्या पाइपातून गाडीत तेल भरायच्या मशिनपर्यंत येतं. पाइप गळला तर कळावं म्हणून मशिनखालच्या चेंबरात, अगदी तळाशी, सेन्सर असतो. तो भिजला की ऑफिसात भोंगा वाजतो. पावसाचं पाणी शिरलं तरी वाजायचा, म्हणून अण्णांनी तो तारेनं वर, झाकणाजवळ बांधून टाकला होता. दर महिन्याला झाकण उघडून बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, असा नियम. "तुझं अक्षर मोत्यावानी हाय, तूच लिव्हत जा," अण्णा म्हणाले. मी खुर्चीतूनच लिहायचो, 'तपासले, ठीक.'

एका सकाळी पंपामागच्या वस्तीवरचे मेंढपाळ मामा बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आले.

"मेंढरं तोंड लावीनात, साहेब. हुंगतेत अन् मागं सरतेत. कावून, तेवढं सांगा. शिकल्याले हाव तुमी."

अण्णा हसले. "जारचं पाणी पाजा मग, मामा. लाडाची हायत."

"मेंढरायचं ऱ्हाऊ द्या. काल नात पिली अन् ओकली. तुमी घ्या की एक घोट, अण्णा."

अण्णांनी बाटलीला हात लावला नाही. मी नाकाशी नेली. डिझेलच.

चेंबरचं झाकण उचललं तर खाली गुडघाभर काळं डिझेल, त्यात फुगून मेलेला बेडूक. आणि वर सेन्सर, कोरडा, त्यावर कोळ्याचं जाळं. मी तार तोडली. सेन्सर खाली पडला आणि भोंगा किंचाळायला लागला.

"बंद कर बे ते!" अण्णा ओरडले. "ह्याच्यासाठी नोकरी दिलती का तुला?"

मी भोंगा बंद केला नाही. पाइपात डिझेल ढकलणारी मोटार बंद केली, तेलकंपनीला फोन लावला आणि रजिस्टरात लिहिलं, 'गळती आहे. शेजारच्या विहिरीत डिझेल.' त्याच्यावर पानभर माझंच 'ठीक, ठीक' होतं, ओळीत, टापटीप. आपल्याच अक्षराची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

मामांना वाचता येत नव्हतं. ते पानाकडे बघत राहिले.

"लई झ्याक लिव्हता, साहेब," ते म्हणाले. "पर आज मेंढरं कुठं पाजू?"