टीव्हीवर वाचलेलं माझं पत्र

माझ्या सख्ख्या मामाच्या घरच्यांची पोलिसांनी चौकशी करावी, अशी मागणी मी एकदा अख्ख्या देशासमोर केली होती. मामाचे घरचे म्हणजे माझी आई आणि मी.

मी बीदरला हायस्कुलात हिंदीचा मास्तर. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही माझ्या घरी आला आणि रविवारी सकाळी आमचं घर हे घर राहीनासं झालं. त्या वर्षी एक मालिका लागायची. मुंबईतल्या टोळ्या, तस्करी, खंडणी, खून, आणि सगळं खरंखुरं! नट नाहीत, गाणी नाहीत. खरे पोलीस, खरी कोर्टं आणि तोंडावर टॉवेल घेतलेले खरे गुन्हेगार. मालिका अर्ध्या तासाची आणि तिच्यावरची मतं दीड तासाची.

मत नाही असा माणूस आमच्या गल्लीत नव्हताच. समोरच्या काकूंना गुंडांच्या शर्टांची इस्त्री फार आवडायची. (त्यांच्या यजमानांना त्या तेवढ्यापुरतं घालूनपाडून बोलत.) गावाबाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात जाणारे एक गृहस्थ म्हणायचे की बीदरला समुद्र नाही म्हणून आपण सज्जन राहिलो. शेजारचे अण्णाराव, जंगल खात्यातून रिटायर झालेले, मात्र दर भाग संपला की एकच वाक्य बोलत, "त्याची बी कोणी आई-बहीण असंल की."

मला हसू यायचं. मी म्हणायचो, अण्णाराव, जंगलात राहून तुम्ही वाघावर दया करायला शिकलात. सगळे खो खो हसायचे. अण्णाराव पण हसल्यासारखं करायचे. दाराजवळ तांदूळ निवडत बसलेली माझी आई तेवढी हसायची नाही. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. मला वाटायचं, तिला हिंदी समजत नाही.

तिचा धाकटा भाऊ, वसंतामामा, मुंबईत होता. राजेश्वर या आमच्या मूळ गावी माझे वडील लवकर गेले, तेव्हा याच मामानं मला सायकलच्या दांडीवर बसवून हुमनाबादपर्यंत आणलं, तिथून बसनं बीदरला आणून शाळेत घातलं. पुढं तो मिलमध्ये लागला. मिल बंद पडली आणि पुढच्या वर्षभरात त्याची पत्रंही बंद झाली. कुणी विचारलं की अक्का सांगायची, वसंता मुंबईत हाय, बरा हाय. मीही तेच सांगायचो. चार वर्षांत एकदाही मला त्याची चौकशी करावीशी वाटली नाही. चौकशी बाकीच्यांची व्हायला पाहिजे, असं माझं मत होतं.

दर भागाच्या शेवटी दर्शकांची पत्रं वाचत. ती ऐकून माझा जीव जळायचा. कसलं ते हिंदी! लिंग चुकलेलं, वचन चुकलेलं, आणि अशी पत्रं देशभर वाचली जातात? मी कागद घेतला आणि दोन पानं शुद्ध हिंदी लिहून पाठवलं. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या रविवारी पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "बीदर, कर्नाटक से माधवराव जी लिखते हैं..."

बायकोच्या हातातला चहाचा ट्रे कलंडला. कुणीतरी पोराच्या तोंडावर हात दाबला. आणि माझी वाक्यं, माझी स्वतःची वाक्यं, दिल्लीहून आमच्या घरात परत आली, "इन अपराधियों के घरवाले सब कुछ जानते हैं और चुप रहते हैं. सबसे पहले उन्हीं से पूछताछ होनी चाहिए."

टाळ्या पडल्या. काकूंनी साखर वाटली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर माझं नाव घेतलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत मला 'पूछताछ सर' हे नाव पडलं. ते मी रिटायर होईपर्यंत टिकलं. या सगळ्या आनंदात अण्णाराव टाळी न वाजवता उठून गेले आणि अक्का ताटातले तांदूळ तसेच ठेवून आत गेली, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, जळले. अण्णाराव जळले आणि अक्काला समजलं नाही. माझ्या हुशारीचा तो कळस होता.

दोन आठवड्यांनी शाळेतून आलो तर पोस्टमन पत्र पेटीत न टाकता दारात उभा. कार्ड माझ्या हातात देऊन तो खाली बघत निघून गेला. कार्डावर जेलचा शिक्का होता. पत्ता एवढाच: माधवराव, हिंदीचे मास्तर, बीदर. मजकूर मामाचा.

"माधवास आशीर्वाद. इथं रविवारी आम्हाला टीव्ही दाखवतात. तुझं नाव ऐकलं. ऊर भरून आला. तुझं मत बरोबर आहे. फक्त अक्काला काही विचारू नको. तिला यातलं काही माहीत नाही."

मी उंबऱ्यावर बसलो. कार्ड खिशात घालावं, फाडावं, का खाऊन टाकावं, हे ठरेना. तेवढ्यात अक्का मागं येऊन उभी राहिली. तिनं कार्ड मागितलं नाही, चष्मा मागितला. मग मीच कार्ड दिलं. तिनं ते बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचलं.

"खोटं लिहिलाय त्यानं," ती म्हणाली. "मला चार वरसं झाली म्हाईत हाय."

मिल बंद झाल्यावर मामा कुणाची तरी गाडी चालवायला लागला होता. गाडीत काय असतं ते पहिले सहा महिने त्याला माहीत नव्हतं, नंतर माहीत होतं. पकडला गेला, सात वर्षांची शिक्षा झाली. पत्रं बंद झालीच नव्हती. ती अण्णारावांच्या पत्त्यावर येत. अक्काला वाचता येई, लिहिता येत नसे, म्हणून उत्तरं अण्णाराव लिहीत. गल्लीसमोर मी ज्यांची टिंगल करायचो, ते चार वर्षं माझ्या आईच्या वतीनं माझ्या मामाला 'चि. वसंता' म्हणून लिहीत होते.

"मला कामून सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

अक्कानं चष्मा काढला. "तू मत सांगितलं असतास," ती म्हणाली.

बायको म्हणाली, आता तरी जाऊन या दोघं. मी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, घरगुती.

जेलच्या दारात एक फॉर्म भरायचा होता. कैद्याचं नाव, भेटणाऱ्याचं नाव, गाव, आणि कैद्याशी नातं. सगळं भरलं. शेवटचा रकाना आला आणि एम.ए. झालेला हिंदीचा मास्तर पेन घेऊन नुसता उभा. मागून लोक ढकलायला लागले. शेवटी अक्का पुढं झाली आणि शिपायाला मोठ्यानं म्हणाली, "ह्यो त्याचा भाचा. मी बहीण. लिव्ह." सगळ्या रांगेनं ऐकलं. रांगेत आमच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. तिथं सगळे कुणाचे ना कुणाचे घरचेच होते.

मामा जाळीपलीकडं आला तेव्हा मी ओळखला नाही. सायकल दामटणारा माणूस काठीएवढा उरला होता, आणि दोन शब्दांमागं एकदा खोकत होता. अक्कानं जाळीतून बोट आत घातलं, ते त्यानं धरलं आणि तसाच माझ्याकडं बघून म्हणाला की पत्र लय शुद्ध होतं. बराकीतल्या सगळ्यांनी गप बसून ऐकलं.

मी विचारलं, "तुमी सांगितलं का त्यांना, मी कोण ते?"

"न्हाई," मामा म्हणाला. "ते म्हणायलते, ह्या मास्तरला एकदा बघून घ्यावं लागतंय. म्हणून म्हणलं, वळखीचा न्हाई."

तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबायच्या आत वेळ संपली.

परत येताना अक्का बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली होती. लातूर मागं पडल्यावर म्हणाली की अण्णाराव सांगत होते, लय आजारी माणसाला सरकार आधी सोडतंय. तुला लिहाया येतंय. लिही.

मी लिहिलं. एवढं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नसेल. मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, अण्णारावांकडून इंग्रजीत करून घेतलं. (त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, बसा, आधी मसुदा दाखवा.) जेलच्या साहेबांना, मंत्र्यांना, राज्यपालांना, एकूण पाच अर्ज गेले. शाळेतून आलो की अक्का दारातच विचारायची, काई आलं का रं? एकाचंही उत्तर आलं नाही. संक्रांतीनंतर जेलच्या दवाखान्यात मामा गेला. ते कळवणारं पत्र मात्र वेळेवर आलं.

दिवस झाल्यावर एका दुपारी अक्का माझ्याजवळ येऊन बसली. मग तिनं विचारलं, "नीट लिहिलं होतंस न्हवं रं?"

"व्हय अक्का. नीट लिहिलं होतं."

"मग वाचलं कामून न्हाई कोणी?"

सरकारकडं लय पत्रं येतात, एवढंच म्हणालो. तिनं जरा विचार केला, आणि तिला खरंच काहीतरी सुचलं, तशी माझ्याकडं वळली.

"त्या टीव्हीवाल्या बाईकडं पाठवायचं होतंस," ती म्हणाली. "ती वाचतीय तुझं."

पाच अर्ज, तीन भाषा, आणि एम.ए.ची पदवी. मला हे सुचलं नव्हतं.