गच्चीवरची शेड आणि श्रुतिकाताई

माझी ताई, श्रुतिका घाडीगावकर, पवईच्या एका ऑफिसात इंजिनिअर आहे. चक्रीवादळात इमारतीचं काय टिकेल आणि काय उडेल, हे तपासणं तिचं काम. गावभरच्या गच्च्या तपासून झाल्या, पण नाहूरच्या आमच्याच सोसायटीने तिला दोन वर्षं रखडवलं. गच्चीवरची पत्र्याची शेड म्हणजे सोसायटीचा जीव की प्राण. बारसं, हळद, सत्यनारायण, सगळं तिथेच. त्यात ती बाबांनी सेक्रेटरी असताना उभी करवलेली.

ताईला घोर होता खालच्या बैठ्या चाळीचा. शेड उडाली तर थेट रुक्मिणीमावशीच्या घरावर पडणार, आणि मावशी तिथे पाळणाघर चालवते.

शेवटी एका रविवारी परवानगी मिळाली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या, कांदेपोहे आले, बाबांनी तर चेन-पुलीला हार घातला. खांब साखळीने वर ओढायचा आणि वादळाएवढा ताण तळाचे बोल्ट सोसतात का ते बघायचं, एवढीच तपासणी. ताई बोल्ट बघायला वाकली आणि तिचा चेहराच उतरला. गंजक्या बोल्टांवर ताजं सिमेंट लिंपून वर चंदेरी रंग फासलेला.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मियाच. चार माणसांत तुझी शोभा होवक नको."

तिने साखळी ओढली. अर्ध्या ताणालाच बोल्ट उपटून आले.

"शेड पावसाआधी उतरवा," ताई म्हणाली. रागाने तिचे डोळे भरले होते. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडा नको गो. पुढच्या टायमाक जमतला."

"माझं काय चुकलंय, बाबा? खाली पोरं मरतील, कळतंय का तुम्हाला?"

आताचे सेक्रेटरी धवलभाई म्हणाले, "बेटा, टेन्शन नको घेऊ. दिवाळीनंतर परत टेस्ट कर ना, निवांत." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकेकाला धरून गदागदा हलवावं, असा संताप आला मला.

ताई तडक चाळीत गेली, मी तिच्या मागे. वारा सुटला की पोरांना घेऊन आमच्या घरी ये, असं तिने मावशीला चारदा बजावलं. गच्चीवरची बातमी मावशीकडे आधीच पोचली होती. मांडीवरचं पोर थोपटत तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताईच्या हातावर साखर ठेवली.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. दिवाळीनंतर नक्की पास होशील."