मिनिटकाकांची चाळीस फूट जागा

डोळ्यांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली, दोन गाड्या मावतील अशी चाळीस फूट जागा होती, आणि त्या जागेवर मिनिटकाकांचं घर चालत होतं. खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर असेल कुठेतरी. गाडी थांबली की काका दार उघडून म्हणायचे, "एक मिनिट." आणि खरोखरच मिनिटाच्या आत पेशंट फुटपाथवर, पितळी बिल्ला त्याच्या मुलाच्या हातात, किल्ली काकांच्या हातात आणि गाडी दोन गल्ल्या सोडून बंद पडलेल्या थिएटरच्या आवारात रवाना. त्यावरून हे नाव पडलं होतं, आणि काकांना ते मनापासून आवडायचं.

त्याआधी काकांनी वीस वर्षं टेम्पो चालवला. मग डावा गुडघा असा काही आखडला, की क्लचवर पाय ठरेना. तेव्हा दवाखान्याच्या थोरल्या डॉक्टरबाईंनी त्यांना दारात उभं केलं आणि गाड्या हलवायला दोन ड्रायव्हर दिले. एक काकांचा मेहुणाच होता, दुसऱ्याला त्याच्या उंचीमुळे सगळे शिडी म्हणत. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. काका आता छप्पन्नचे होते. छप्पन्न वर्षांच्या, आखडलेल्या गुडघ्याच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

जागा रिकामी दिसली पाहिजे, हा काकांचा धर्म. पट्ट्यांच्या आत एखादी गाडी दोन मिनिटं रेंगाळली, तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. परवाना महापालिकेचा, दर दोन वर्षांनी नवा करावा लागे. तो दवाखान्याच्या नावावर असला तरी खेटे काकाच घालायचे. डॉक्टरबाई अर्जावर न वाचता सही करायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही आहात ना काका, मग झालं." हे वाक्य काका घरी येऊन बायकोला ऐकवायचे. अकरा वर्षांत तिने ते किती वेळा ऐकलं असेल, तीच जाणे.

यंदा नवा नियम निघाला होता. नूतनीकरणाआधी तीन दिवस, रोज सकाळचे तीन तास, जागेची पाहणी. समोरच्या बसथांब्यावर फाईल घेऊन बसलेली मुलगी काकांनी पहिल्या तासातच हेरली. दर दहा मिनिटांनी ती मान वर करायची, पट्ट्यांकडे बघायची आणि काहीतरी लिहायची. झालं. काका पेटलेच. मेहुण्याला चहा बंद, शिडीला विडी बंद. त्या तीन दिवसांत शिडी थिएटरपर्यंत इतका धावला, की त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. गाडी आली की गेली, आली की गेली. मुलीने मान वर करावी आणि समोर स्वच्छ, रिकामी, पांढऱ्या पट्ट्यांची जागा दिसावी. लिही बाई, लिही, असं काका मनात म्हणत होते आणि मिशीत हसत होते.

पंधरवड्याने पत्र आलं. 'चौपन्न नोंदींपैकी एकोणपन्नास वेळा सदर जागा रिकामी आढळली. सबब जागेची आवश्यकता दिसून येत नाही. परवान्याचे नूतनीकरण नामंजूर.' काकांनी ते किल्ल्यांच्या फळ्याआड उभं राहून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना, आपण तीन दिवस जीव तोडून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो, आणि वर खुशीत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून काका महापालिकेत गेले. पार्किंग विभागाचा कारकून माणूस बरा होता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. फेरपाहणी मागता येते, म्हणाला, एकदाच आणि एकाच सकाळची. निम्म्याहून जास्त नोंदींत दोन्ही गाड्यांची जागा भरलेली दिसली, की परवाना पक्का. काकांनी विचारलं, मेहुण्याची गाडी नुसती लावून ठेवली तर? कारकून म्हणाला, नंबर लिहून घेतात, तीच गाडी दोनदा दिसली की धरत नाहीत.

"मग मी करू काय?"

"हळू चाला काका," कारकून म्हणाला. "तुमच्या वेगाला आमच्या कागदावर रकानाच नाही."

घरी बायकोने पत्र वाचलं आणि लगेच म्हणाली, "अहो, उद्याच्या उद्या डॉक्टरबाईंच्या कानावर घाला." काका नाही म्हणाले. त्या माझ्यावर टाकून मोकळ्या असतात, त्यांना हे तोंड कसं दाखवू? परवाना हातात आला की सांगेन, तेव्हा हसण्यावारी जाईल.

"आणि नाही आला तर?"

काकांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. पुढचे तीन आठवडे ते तिथेच होतं. जेवण गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरबाई दारातून जाताना नेहमीसारख्या हसल्या, की काका किल्ल्यांच्या फळ्याकडे वळायचे.

फेरपाहणीच्या सकाळी काकांनी दोघा ड्रायव्हरांना फर्मान सोडलं, की मी मान हलवल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन गाड्या आल्या आणि उभ्या राहिल्या. काका बिल्ला शोधायचं नाटक करत होते. किल्ली उलटसुलट करून बघत होते. दहा मिनिटं झाली, समोरच्या मुलीने लिहिलं, तेव्हा कुठे काकांनी मान हलवून पुढच्या दोन गाड्या आत घेतल्या. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. कुणीतरी काच खाली करून काकांना म्हातारा म्हणालं, कुणी त्याहून वाईट. शिडी खाली मान घालून उभा होता. मेहुणा दोनदा म्हणाला, "दाजी, पुरे करा हो." काका बोटांवर नोंदी मोजत होते. आठ झाल्या होत्या. आणखी दोन.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूला एक गाडी थांबली. जागा भरलेली, रांग लांब, म्हणून गाडी चालवणाऱ्या लेकीने वडिलांना तिकडेच उतरवलं होतं. काकांनी त्यांना ओळखलं. गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालेले मास्तर, चार वर्षांपासूनचे पेशंट. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने आधीच धूसर दिसणारं. लेक एका हाताने त्यांना धरून आणि दुसरा हात गाड्यांपुढे करून रस्ता ओलांडायला लागली. काकांचा पाय पुढे पडला. तेव्हाच थांब्यावरच्या मुलीने मान वर केली. नववी. काका आहेत तिथेच थांबले. आजवर ज्या कामाचा त्यांना अभिमान वाटत होता, ते काम त्यांच्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर सुटलं होतं, आणि सोडणारे तेच होते. त्यांना स्वतःची किळस आली.

मास्तर कसेबसे फुटपाथला लागले. ठेचकाळले तेव्हा समोर आलेल्या हाताला त्यांनी धरलं. तो काकांचाच हात होता, पण मास्तरांना काय दिसणार?

"आज मिनिटकाका रजेवर दिसतात," मास्तर म्हणाले. "ते असते तर माझी अशी दशा होऊ दिली नसती."

काकांनी त्यांना दाराकडे वळवलं. पायरीवर हॉर्नचा गोंधळ ऐकून खाली आलेल्या डॉक्टरबाई उभ्या होत्या.

बाईंच्या खोलीत काकांनी घडी पडून फाटत आलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी आधी तारीख बघितली, मग मजकूर. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पहिल्या दिवशी आला असतात, तर मी स्वतः तिकडे जाऊन बसले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यापासून लपवलंत, आणि पट्टी बांधलेल्या माणसाला रस्ता ओलांडायला लावलंत. आता दारावर कुणाच्या भरवशावर राहू?" पहिल्या तारखेपासून एका एजन्सीची माणसं येतील, दोघे ड्रायव्हर राहतील, एवढं त्यांनी सांगितलं.

दहावी नोंद त्या गोंधळातच पडली होती, परवाना त्याच आठवड्यात आला. 'सदर जागा पूर्ण वापरात आढळली.' काकांनी तो बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला, किल्ल्यांचा फळा शेवटचा पुसला आणि घरी आले.

बायको दारातच उभी होती. "आला का हो?"

"आला," काका म्हणाले. "दोन वर्षांचा."

ती मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसत होती. हसता हसता म्हणाली, मी उगाच तुमच्या मागे लागले होते, तुम्ही केलंत तेच बरोबर. मग आज नीट चार घास खा म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. काका चपला न काढता खुर्चीत बसून राहिले. पुढचं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती विचारत होती, उद्या किती वाजता निघायचंय, डबा तसा करते.

"नेहमीच्याच वेळेला," काका म्हणाले.