तोफा मागे असतात

मी नवरा निवडला तो अंतर मोजून. बाकीच्या पोरी उंची बघतात, शेती बघतात, सासूच्या स्वभावाची चार घरी चौकशी करतात. मी किलोमीटर बघितले. मूर्खपणा मी जन्मभर केला, पण इतकं डोकं लावून केलेला तेवढाच.

हे मला बघायला वालूरला आले तेव्हा तोफखान्यात कॅप्टन होते. माझ्या आईनं दोन दिवस आधीच रडायला सुरुवात केली होती. फौजेतला जावई नको, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी माझे काका पुढे सरसावले. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी सरळ तोफच डागली, "पाव्हणं, लढाई लागली तर तुमच्या तोफा असत्यात कुठं?"

"तोफा मागे असतात," हे अगदी शांतपणे म्हणाले. "दहा-पंधरा किलोमीटर मागे."

मी दाराआड उभी. भूगोलात वर्गात पहिली येणारी मुलगी, त्यामुळे नकाशा तिथल्या तिथे तयार झाला. लढाई सेलूत चाललेली आणि ह्यांची तोफ आपल्या वालुरात. म्हणजे लढाईची बातमीसुद्धा एसटीनं येणार. मी आत जाऊन आईला म्हटलं, "डोळे पूस. हा माणूस लढाईला जात नाही, लढाईला माल पोचवतो."

आईनं डोळे पुसले. लग्न झालं. तोफा कुठे असतात ते ह्यांनी सांगितलं होतं. आपण कुठे असतो ते सांगितलं नव्हतं, कारण एवढ्या मोठ्या भूगोलतज्ज्ञ बाईनं ते विचारलंच नव्हतं.

पुढची काही वर्षं मी हे अंतर मिरवलं. माहेरी आले की ओट्यावर बायका जमायच्या आणि मी त्यांना तोफखान्यावर व्याख्यान द्यायची. पायदळ पुढे, रणगाडे पुढे, आमचे हे मागे. एकीनं विचारलं, "मग ते करत्यात काय तिकडं?" मी म्हटलं, "गणितं." त्यात खोटं नव्हतं. वारा किती, उतार किती, गोळा गरम आहे का गार, ह्याची गणितं ते घरीसुद्धा वहीवर मांडत बसायचे. मला वाटायचं, आपण एका मास्तराशी लग्न केलंय, फक्त ह्याच्या शाळेत आवाज जरा जास्त होतो.

मग ह्यांची बदली बर्फातल्या एका ठाण्यावर झाली. तिथे कुटुंब नेता येत नाही. आम्हा बायकांना पंजाबातल्या एका छावणीत एका ओळीतली घरं मिळाली, आणि शेजार मिळाला सातारकडच्या एका बाईंचा. त्यांचे यजमान पायदळात मेजर. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, बोलणं कमी, विणकाम फार. त्यांचं विणकाम कधी पुरं झालेलं मी पाहिलं नाही. एका हिवाळ्यात त्यांनी तोच स्वेटर तीनदा उसवला. मी त्यांना सांगितलं, "टाके मोजता येत नसतील तर मी मोजून देते." बघा, मदतीला कशी तत्पर!

एक दिवस सकाळी आम्ही चौघीपाचजणी उन्हात मटार सोलत बसलो होतो. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली की वर गोळीबार सुरू झालाय. सातारच्या बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता अशा वेळी माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी धीर दिला.

"तुमचं खरंच कठीण आहे हो," मी म्हटलं. "आमचं बाई बरं. ह्यांच्या तोफा मागे असतात. तिथे म्हणे चहासुद्धा गरम मिळतो."

बाकीच्या मान खाली घालून मटार सोलायला लागल्या. मला वाटलं, हेवा वाटला असेल. सातारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "हो. तुमचं बरं आहे." मग त्यांनी माझ्या टोपलीतल्या अर्ध्या शेंगा आपल्या पुढ्यात ओढून घेतल्या. मी तेही आनंदानं ओढू दिलं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. त्या आत वाटी आणायला गेल्या आणि मी, सवयीप्रमाणे, दुसऱ्याच्या फडताळातल्या वस्तू बघत उभी राहिले. तिथे एक फोटो पालथा घातलेला होता. पालथा फोटो सरळ न करणं माझ्या स्वभावात बसत नाही. सरळ केला. बर्फात खणलेला एक खड्डा, वर वाळूची पोती, आणि पोत्यांना टेकून दोघेजण. एक त्यांचे मेजर. दुसरा दाढी वाढलेला, नाकाची सालं निघालेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला, कानाशी वायरलेसचा फोन धरलेला.

माणसाची दाढी वाढली म्हणून बायको त्याला ओळखत नाही असं होत नाही. निदान दोन मिनिटांहून जास्त वेळ होत नाही.

"हे इथे कशाला?" मी विचारलं. म्हणजे हे पुढे कशाला. दहा-पंधरा किलोमीटरचं काय झालं?

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मला खुर्चीत बसवलं. मग आपल्या धाकट्या बहिणीला समजवावं तसं समजावलं. तोफ मागे असते, तिला पुढचं दिसत नाही. गोळा कुठे पडला, डावीकडे पडला का उजवीकडे, हे बघून मागे कळवायला तोफखान्याचाच एक अधिकारी पायदळाबरोबर सगळ्यात पुढे जाऊन बसतो. त्यांच्या मेजरांबरोबर दीड महिना जो बसला होता, तो माझा नवरा. दोघांचा चहा एकाच डब्यात व्हायचा आणि तो गरम कधीच मिळत नव्हता.

"म्हणजे मटार सोलताना तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

माझे कान असे तापले, की विरजण तिथेच लागलं असतं. मी म्हटलं, "मग मला गप्प का नाही केलंत? एक थोबाडीत तरी द्यायची."

त्यांनी फोटो परत पालथा घातला. "अहो, आपल्या ओळीत एक तरी बाई झोपत होती. तिला कशाला उठवायचं?"

त्या दिवसापासून ओळीत झोपणारी बाई उरली नाही. मी दोन सुया विकत आणल्या आणि स्वेटर विणायला घेतला. तो मी चार वेळा उसवला.

हे सुखरूप परत आले. येताना उजव्या कानाचं ऐकू येणं तिकडेच ठेवून आले, तेवढंच. मी फोटोबद्दल ह्यांना अवाक्षर बोलले नाही. मला कळलंय हे ह्यांना कळलं, तर पुढच्या वेळी जाताना ह्यांना आणखी एक ओझं. शिवाय वालूरच्या ओट्यावर इतकी व्याख्यानं दिलेली. आता कुठल्या तोंडानं परत घेणार? म्हणून मी ती चालूच ठेवली. हे कर्नल होऊन निवृत्त झाले, आम्ही येलदरीजवळ शेतावर राहायला आलो, सून आली, नात झाली, आणि सगळ्यांना मी तेच ऐकवत आले. तोफा मागे असतात. आजी म्हणजे येडी, असं घरात ठरूनही गेलं असावं.

तर आता ही नात. चेन्नईला लष्कराच्या अकादमीत आहे. संक्रांतीच्या आगेमागे आठ दिवसांच्या सुट्टीवर आली आणि जाहीर केलं, की परत गेल्यावर कुठल्या शाखेत जायचं ते लिहून द्यायचंय आणि तिला तोफखानाच हवाय. हल्ली मुलींनाही मिळतो. पण आईनं हो म्हटलं तरच ती लिहिणार. आई म्हणजे माझी सून, ताडकळसची. ती हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसती भाकरी थापायची.

रविवारी आम्ही हुरडा खायला बसलो. ज्वारी दाण्यावर आलेली आणि वर भोरड्यांचे थवे. दरवर्षी हा बंदोबस्त आम्ही नवराबायको मिळून करतो. मी इकडे बांधावर गोफण घेऊन उभी राहते आणि ह्यांना कणसांवर उतरलेली पाखरं दिसावीत म्हणून हे पार पुढे, पिकाच्या मधोमध, हातात लाल गमछा धरून.

"वीस हात डावीकडं!" हे ओरडले. मी दगड सोडला. "आता दहा पुढं!"

सून आगटीजवळ कणसं चोळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्या, तुमीच सांगता न्हवं, तोफा मागंच असत्यात म्हनून? मग पोरीला धाडायला भ्यायचं काय कारन हाय?"

नातीनं माझ्याकडे असे डोळे मोठे केले, की बाहेर पडतील. नुसतं हो म्हण आजी, असंच ते डोळे म्हणत होते. मला ते कळलं. मी हो म्हटलं असतं तर पोरीचं काम झालं असतं. मला सातारच्या बाईंचे शब्दही आठवले, झोपलेलीला कशाला उठवायचं. पण मी तेव्हा कुणाला काही विचारलं नव्हतं. ही विचारत होती, आणि पोटची पोर होती तिची.

मी गोफण खाली ठेवली. "तोफा मागेच असतात गं," मी म्हटलं. "पण तुझा सासरा कुठं उभाय बघ. दगड मी मारते, पण तो कुठं पडला ते सांगायला तिथं उभं राहावं लागतं. पोरगी तिथं असंल. तुझा सासराही तिथंच होता. मला पस्तीस-चाळीस वर्षं ठाऊक आहे. आता तू काय म्हणायचं ते म्हण."

नातीनं कपाळावर हात मारला. पिकातून हे ओरडत होते, "अगं सोड की! पाखरं बसली!"

सुनेनं तळहातावरच्या हुरड्यावर फुंकर घातली, फोल उडवलं आणि मूठ माझ्या हातात रिकामी केली. म्हणाली,

"आत्या, मामांनी अन् हिनं मला दिवाळीतच समदं सांगितलंय, अन् मी तवाच हो म्हनलेय. फकस्त तुमच्याम्होरं खरं बोलायचं न्हाई, तुमचं ऐकूनच हो म्हनल्यागत करायचं, असं ठरलं होतं. मामा म्हनले, तिला अजून वाटतंय तोफा मागं असत्यात, झोपू दे तिला."