खाली पोकळ आहे

मंडळी, आमच्या कुरुंदा गावाहून समुद्र बघायला कोकणात आलो आणि दुपारपासून पायाखालच्या दगडावरचा भरवसा उडालाय.

इथं समुद्राला लागून काळ्या दगडाचा कडा आहे. त्याच्यावर जेवणाचे डबे उघडून बसलो होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जन्मभर विहिरींना सुरुंग लावले. दगडावर थाप मारून म्हणाले, "आपल्या विहिरीतलाच दगड हाय. ह्याला पाण्यानं काय व्हतंय?"

तेवढ्यात खालून धप्प आवाज आला. बसल्या जागी दगड हादरला. मागच्या भेगेतून खारं पाणी उडून भाकरीवर पडलं.

आबांनी दगडावर तळहात टेकवला. पुन्हा धप्प. त्यांचा चेहराच उतरला. "उठा. खाली पोकळ हाय."

लांब जाऊन वळून बघितलं, तर लाटांनी खाली घराएवढी गुहा कोरलेली. आमी बसलो होतो ते तिचं छत. शेजारची तसलीच एक गुहा कोसळून नुसता दगडांचा ढीग उरलेला.

लॉजवर आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "सुरुंग पेटवायच्या आधी आमी लोकांना हाळी द्यायचो. समुद्र न्हाई देत."

आमचं लॉज त्याच कड्यावर आहे. आबा फरशीला तळहात लावून बसलेत.

तुमी झोपला असता का इथं?